घरची गोष्ट

प्रेमविवाहाच्या प्रश्नावर आजवर जितकी शाई खर्च झाली आहे तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या विषयावर झाली असेल. जात, गोत्र, पत्रिका, वयांतलें अंतर, मुलाची मिळकत, मुलीचें शिक्षण, ह्या प्रत्येक बाबीचा खल आपल्या घरांतून होऊन गेला आहे आणि बऱ्याच घरांतून तो आतां संपलाहि आहे. वडीलधारीं माणसें पूर्वीइतकीं हट्टी राहिलीं नाहींत आणि मुलेंहि पूर्वीइतकीं भित्रीं राहिलीं नाहींत. तथापि ह्या साऱ्या चर्चेंत एक गोष्ट निसटून जाते असें आम्हांस वारंवार वाटत आलें आहे. कॉलेजांत एकमेकांवर जीव जडलेलीं दोन मुलें एकमेकांस आपलें घर कितपत दाखवितात?

कादंबऱ्यांतल्या नायक-नायिकांना बहुधा घर नसतें. असलेंच तर त्यांत एक श्रीमंत व रागीट बाप असतो आणि शेवटच्या प्रकरणांत तो विरघळतो. नायक दोन वर्षें बागेंत फिरतो, परीक्षेंत पहिला येतो. पण त्याच्या धाकट्या बहिणीस फेंपरें येतें काय, त्याच्या वडिलांनीं घर गहाण टाकलें आहे काय, ह्याची वाचकास दादहि नसते. खऱ्या मुलांना मात्र घर असतें आणि त्या घराला दुखणीं असतात. कॉलेज ही त्या दुखण्यांपासून मिळालेली सुटी होय. वर्गांत, ग्रंथालयांत, चहाच्या टपरीवर कोणी कोणाचा बाप पाहत नाहीं. म्हणून तर तेथें मन मोकळें होतें. आणि म्हणूनच तेथें लपविणेंहि सोपें जातें.

आम्ही राहतों तो मुलूख महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाचा, सागवानाचा व बांबूच्या रानांचा. चंद्रपूर व गडचिरोली असे त्याचे आज दोन जिल्हे आहेत. १९८२ सालच्या ऑगस्टपर्यंत तो सगळा एकच चंद्रपूर जिल्हा होता. पुण्या-मुंबईच्या वाचकांस हा भाग वाघांमुळें किंवा कोळशाच्या खाणींमुळें ठाऊक असतो. परंतु कॉलेजांतल्या ओळखीचें लग्न कशावर टिकतें हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें ह्या रानांतल्या एका जोडप्याची हकीकत पाहावी.

डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी देशपांडे यांची ओळख नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतली. ह्यांचा पुढचा अभ्यास शस्त्रक्रियेचा, त्यांचा भूलशास्त्राचा. मुलगा हुशार, मितभाषी, डॉक्टर होणारा. एवढें पाहून कोणत्याहि देशपांड्यांच्या घरीं आनंद व्हावा. पण त्या मुलाचें घर होतें वरोऱ्याजवळच्या आनंदवनांत. १९५१ सालीं बाबा आमटे व साधनाताई यांनीं तेथील खडकाळ जमिनीवर कुष्ठरोग्यांची वसाहत सुरू केली, तेव्हां प्रकाश अवघा अडीच वर्षांचा होता. तो व त्याचा थोरला भाऊ विकास ह्या रोग्यांच्या अंगाखांद्यावर वाढले. कुष्ठरोगाचे जंतु नॉर्वेंतल्या हान्सेन नांवाच्या वैद्यानें १८७३ सालींच दाखविले होते आणि हा रोग सहजासहजीं लागत नाहीं हेंहि जाणत्यांस माहीत होतें. परंतु समाजाची भीति जंतूंना विचारून येत नाहीं. आनंदवनांत पिकलेल्या भाजीला प्रारंभीं गिऱ्हाईक मिळत नसे. ज्या अनेक औषधांच्या एकत्रित उपचारानें आज हा रोग हटकून बरा होतो तो उपचार जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सुचविला. आम्ही सांगतों ती गोष्ट त्याआधींची, १९७२ च्या सुमाराची. अशा घरीं मुलगी द्यावयाची म्हणजे कोणत्या आईच्या काळजांत चर्र झालें नसतें?

येथें कोणी म्हणेल कीं, आमटे हें आडनांवच अर्धी हकीकत सांगून टाकीत होतें. लपविण्याची सोयच नव्हती. खरें आहे, आणि एका परीनें तें त्यांचें भाग्यच म्हणावयाचें. पण उरलेली अर्धी गोष्ट आडनांवावरून कळण्यासारखी नव्हती. १९७० सालीं बाबा मुलांना सहलीसाठीं म्हणून भामरागडकडे घेऊन गेले होते. पर्लकोटा, पामुलगौतम व इंद्रावती ह्या नद्या जेथें एकत्र येतात तो हा भाग. तेथील माडिया गोंडांची स्थिति त्यांनीं पाहिली; अंगावर पुरतें वस्त्र नाहीं, दुखण्याला वैद्य नाहीं. तेथें काम उभें करावयाचें बाबांच्या मनांत आलें आणि आपण तें करूं असा शब्द प्रकाशरावांनीं वडिलांना दिला. म्हणजे ह्या तरुणापाशीं घरची गोष्ट एक नव्हे, दोन होत्या. एक रोग्यांच्या वसाहतीची, दुसरी वडिलांना दिलेल्या शब्दाची. आमच्या मतें दुसरी अधिक अवघड होती. रोगाची भीति शास्त्र वाचून जाते. जो मुलगा आधींच आपल्या आयुष्याचें दान करून बसला आहे, त्याच्या बायकोच्या वांट्यास काय उरणार, ह्याचें उत्तर कोणत्याहि पुस्तकांत नसतें.

ही दुसरी गोष्ट त्यांनीं मंदाताईंना लग्नापूर्वीं सांगितली. १९७२ सालीं लग्न झालें. २३ डिसेंबर १९७३ रोजीं हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि त्यासाठीं प्रकाशरावांनीं शस्त्रक्रियेचा अभ्यास अर्धा टाकला. त्यानंतरचें बहुतेकांना ठाऊक आहे. त्या जीवनावर १९१४ नव्हे, आपल्या ह्या काळांत, २०१४ सालीं, चित्रपटहि निघाला. झोपडीचें घर, विजेचा पत्ता नाहीं, पावसाळ्यांत नद्या-नाले फुगले कीं जगाशीं संबंध तुटलेला, भाषा अपरिचित, आणि दारांत अस्वलानें फाडलेला किंवा चुलींत पडून भाजलेला रोगी. २००८ सालचा मॅगसेसे पुरस्कार दोघां पतिपत्नींना मिळून देण्यांत आला, हें योग्यच झालें.

लोकांना ह्या हकीकतींत त्याग दिसतो. तो आहेच. पण घरादारांतल्या माणसानें त्यांतून काय घ्यावें असें विचारल्यास आम्ही निराळ्याच जागीं बोट ठेवूं. मंदाताईंच्या वांट्यास जें आलें तें पुष्कळच कठीण होतें. परंतु तें न सांगतां आलेलें नव्हतें. हेमलकशाच्या पहिल्या पावसाळ्यांत त्यांना कांहींहि वाटलें असेल, पण आपण फसविल्या गेलों असें वाटण्यास जागा नव्हती. संसारांतलीं दुःखें माणूस सोसतो. त्या दुःखाची बातमी आपल्या माणसास आधींपासून होती आणि आपल्याला नव्हती, हें मात्र सोसवत नाहीं.

ह्याच मुलखांत दुसरें एक जोडपें आहे. डॉ. राणी चारी ह्या चंद्रपूरच्या, डॉ. अभय बंग वर्ध्याचे, सर्वोदयी ठाकुरदास बंगांचे चिरंजीव. हींहि दोघें नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयांत शिकलीं, १९७७ सालीं त्यांनीं लग्न केलें, अमेरिकेंत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून परत आलीं आणि १९८५ सालीं त्यांनीं ‘सर्च’ ही संस्था स्थापून गडचिरोलींत काम मांडलें. त्यांच्या लग्नाविषयीं आम्हांस येथें सांगावयाचें नाहीं. त्यांनीं ह्या भागांत जें शोधून काढलें तें आमच्या विषयाशीं अधिक जवळचें आहे. गडचिरोलीकडील दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांना तपासून त्यांनीं १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत निबंध प्रसिद्ध केला. शेंकडा ९२ स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, एकेकीस सरासरीनें तीनांहून अधिक. आणि पूर्वीं कधीं तरी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या शेंकडा ८. जगानें ह्या आंकड्यांतून रोगांचें प्रमाण वाचलें. आम्हांस त्यांत मौनाचें प्रमाण दिसतें. एकाच अंगणांत धान्य पाखडणाऱ्या सासू-सुना वर्षानुवर्षें तेंच दुखणें अंगावर काढीत होत्या आणि एकीचें दुसरीस माहीत नव्हतें. खेड्यांतल्या निरक्षर बाईचें हें झालें म्हणून हंसूं नये. आपल्या घरांतून लपविण्याच्या वस्तु निराळ्या असतात, इतकाच फरक.

लपविण्याचा हिशेब कधीं कधीं फार क्रूर होतो. आमच्या ह्या दोन्ही जिल्ह्यांत सिकलसेल नांवाचा रक्तदोष आहे. रक्तांतल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वांकतात, सांध्यांतून असह्य कळा येतात, मूल खंगत जातें. आईबापांपैकीं एकाकडूनच दोष आला तर मूल केवळ वाहक होतें; त्यास स्वतःस बहुधा कांहींच त्रास होत नाहीं. परंतु दोन वाहकांचें लग्न झालें तर प्रत्येक गरोदरपणीं चारांत एक वेळ मूल पुरतें आजारी निघण्याचा संभव असतो. रक्ताच्या साध्या तपासणीनें हें आधीं कळतें. २०२३ च्या जुलैंत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत तर अशा तपासणीचीं कार्डेंहि देतात. कार्ड पेटींत पडून राहतें. कॉलेजांतला मुलगा मुलीस आपल्या आवडत्या नटाचें नांव सांगतो, आपल्या धाकट्या भावाला दर दोन महिन्यांनीं रक्त चढवावें लागतें हें सांगत नाहीं. आणि तीहि सांगत नाहीं. दोघेंहि एकच गोष्ट एकमेकांपासून राखून ठेवतात.

आपल्या पांढरपेशा घरांत काय लपवितात? कोड. क्षय, तो बरा होऊन वीस वर्षें झालीं तरी. आत्याचा काडीमोड. काकांचें कर्ज. आणि सर्वांत खालच्या कप्प्यांत मनाचीं दुखणीं. कायद्यानें पाहिलें तर १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याप्रमाणें वधूवरांनीं स्वतःविषयींची महत्त्वाची गोष्ट फसवून लपविली असेल तर विवाह रद्द करून मागतां येतो. भावाच्या दुखण्याविषयीं, वडिलांच्या व्यसनाविषयीं कायदा कांहीं बोलत नाहीं. आणि तेंच रास्त आहे. मुलगी कांहीं आपल्या भावाच्या मनाची जामीनदार नव्हे. पण जेथें कायदा थांबतो तेथूनच नात्यांतली अडचण सुरू होते.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत नुकतेंच जें घडलें तें ह्या ठिकाणीं सांगण्यास त्या मंडळींची संमति आहे. ओळख पटेल अशा खुणा आम्हीं गाळल्या आहेत. मुलगी चंद्रपूरची, आपल्यासारख्याच घरांतली. मुलगा वैनगंगेच्या कांठच्या एका गांवाहून शिकावयास आलेला. एका वर्गांत दोघें तीन वर्षें होतीं. रामाळा तलावाच्या कांठीं, चैत्रांत महाकालीच्या यात्रेंत, जटपुरा दरवाजापाशीं एस. टी.ची वाट पाहतांना त्यांचें बोलणें होई, आणि बोलण्यास विषय कधीं कमी पडला नाहीं. मुलीनें सांगितलें होतें कीं, थोरला भाऊ पुण्यास नोकरीवर आहे. तो घरींच होता. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षीं त्याचें मन बिघडलें, त्याला आतां नऊ वर्षें झालीं. माडीवरच्या खोलींत तो असे आणि पाहुणे आले कीं खोलीचें दार लोटलेलें असे. मुलानें सांगितलें होतें कीं, वडील तेंदूपत्त्याचे ठेकेदार आहेत. ठेका केव्हांच गेला होता. धानाच्या बांध्याहि एक एक करून दारूंत गेल्या होत्या. गडचिरोली जिल्ह्यांत १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरांत ती २०१५ त आली आणि २०२१ त उठली. बंदीचे फायदे-तोटे हा निराळा विषय. पण बंदीच्या जिल्ह्यांत पिणाऱ्याच्या मुलाला लाज आणि कायद्याची भीति अशीं दोन ओझीं वाहावीं लागतात, हें आम्हीं जवळून पाहिलें आहे.

फुटलें तें रुग्णालयांत. वडिलांना रक्ताची उलटी झाली म्हणून मुलगा त्यांना घेऊन आला होता. मुलगी भावाला दर महिन्याच्या औषधांसाठीं घेऊन आली होती. औषधांच्या खिडकीसमोर एकाच रांगेंत दोघांची गांठ पडली. दोघांच्याहि हातांत केसपेपर. “ओळखीच्या एकांना दाखवायला आलों होतों,” तो म्हणाला. “मीसुद्धां,” ती म्हणाली. तिच्यामागें उभा असलेला भाऊ तिला नांवानें हांक मारून पाणी मागत होता.

त्यानंतर आठ दिवस दोघें एकमेकांशीं बोललीं नाहींत. मग आधीं तो बोलला. दुसऱ्या दिवशीं ती. काय बोललीं तें त्यांचें त्यांना ठाऊक. मुलीनें पुढें आमच्या घरांत एवढेंच सांगितलें कीं, तीन वर्षांत पहिल्यांदां त्यानें आपल्या आईविषयीं पोटभर सांगितलें.

खरा प्रसंग उद्भवला तो तिच्या घरीं. जातीचा प्रश्न निघाला आणि दोन दिवस धुमसून विझला. मुलाचे वडील पितात हें ऐकून मुलीचे वडील म्हणाले, “असो, तो कांहीं पीत नाहीं ना?” आम्हांस त्यांचें कौतुक वाटलें. परंतु मुलीनें भावाची गोष्ट त्या मुलास सांगितली हें कळतांच त्यांचा तोल गेला. “काका,” मुलगी आमच्याकडे येऊन म्हणाली, “परजातीचा मुलगा चालला, त्याचे बाबा चालले, पण दादाचें मीं बाहेर सांगितलें म्हणून घरांत सुतक आल्यासारखें झालें आहे.”

ह्यांत बापाचा केवळ हट्ट होता असें मात्र कोणी समजूं नये. ह्याच मुलीचें एक चांगलें स्थळ पूर्वीं अगदीं ठरत आलें असतां मोडलें होतें, तें शेजारच्या कोणी माडीवरच्या खोलीचा उल्लेख केल्यामुळें. धाकटी मुलगी अजून लग्नाची आहे. आम्हीं त्यांस परोपरीनें सांगून पाहिलें. ते शांतपणें म्हणाले, “तुमचें ठीक आहे. तुमच्या घरीं असें कोणी नाहीं.” ह्यावर देण्यासारखें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, आणि आजहि नाहीं. मुलें लपवितात म्हणून आपण त्यांना बोल लावतों. पण सांगितल्याची किंमत आपणच केवढी ठेवली आहे! ज्या घरानें ते स्थळ मोडलें तेंहि आपल्यांतलेंच, हें मासिक वाचणारें घर असावें.

गांठ सुटली ती अनपेक्षित बाजूनें. मुलाची आई एकटीच, बरोबर नव्या तांदळाची पिशवी घेऊन, चंद्रपुरास आली. बैठकींत बसून पाण्याचा पेला खालीं ठेवतां ठेवतां तिनें नवऱ्याचें व्यसन, गेलेल्या बांध्या, सोसायटीचें कर्ज, सगळें सांगून टाकलें. मुलगा संकोचून “आई, पुरे” म्हणूं लागला, तेव्हां ती म्हणाली, “लपवून का करू जी, साऱ्या गावाले मालूमच हाये.” खोलींत कोणी बोलेना. मुलीची आजी, चौऱ्याऐंशी वर्षांची, सोवळ्या-ओंवळ्यांत सगळा जन्म गेलेली, कोपऱ्यांत खुर्चीवर बसली होती. ती उठली, त्या बाईच्या शेजारीं येऊन बसली आणि म्हणाली, “चहा घेतां ना? मग वर चला माझ्याबरोबर. माझा नातू आहे वर, त्याला भेटा.” मुलीचे वडील जागचे हालले नाहींत. दोघी बायका जिना चढून वर गेल्या आणि बऱ्याच वेळानें खालीं आल्या.

लग्न माघांत आहे. धाकटीच्या लग्नाचें पुढें काय होणार हें आज कोणी सांगूं शकत नाहीं, आणि तिच्या वडिलांची ती काळजी फिटलेली नाहीं. निमंत्रणपत्रिकेचा मजकूर छापखान्यांतून दोनदां तपासण्यासाठीं आला. दोन्ही वेळां खालच्या नांवांत थोरल्या भावाचें नांव नव्हतें. पहिल्यांदां मुलीनें तें हातानें लिहून पाठविलें, दुसऱ्यांदां वडिलांनीं खोडलें. तिसरा कागद परवां आमच्याकडे दाखविण्यास आणला होता. नांव छापलेलें होतें, ‘चि.’ लावून, काकांच्या व चुलतभावांच्या नांवांच्या आधीं, थोरल्या मुलाच्या जागीं. अक्षरजुळणींत त्याच्या नांवाची एक वेलांटी चुकली होती. ती वडिलांनीं आपल्या हातानें तांबड्या शाईनें दुरुस्त केली होती.